खाबुऱ्यात उतरवलेला दोरा

जायचं होतं जपानला. आमच्या कॉलेजातल्या धम्म अभ्यास गटानं वर्षभर तीच तयारी केली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथल्या तीन विद्यापीठांत जायचं, विद्यार्थ्यांबरोबर राहायचं आणि आपल्याकडे बुद्ध पुन्हा घरी कसा आला ते त्यांना सांगायचं. 'माझं नाव प्रज्ञा, मी नागपूरची' एवढं जपानीत पाठ करून मी घरातल्यांना वात आणला होता. मग व्हिसाचं काहीतरी अडलं, एका विद्यापीठानं तारखा बदलल्या, दुसऱ्यानं पत्राला उत्तरच दिलं नाही, आणि एक दिवस गजभिये सर वर्गात येऊन म्हणाले, "जपान नाही. ओमान."

"ओमानमध्ये कोण बौद्ध आहे, सर?"

"आपलेच लोक आहेत की गं. इंजिनिअर आहेत, ड्रायव्हर आहेत, नर्सा आहेत. त्यांची पोरं तिथंच वाढतात. त्यांना वंदना येत नाही, मराठी धड येत नाही. जा, शिकवा."

थोडक्यात, जपान्यांसाठी केलेला सगळा अभ्यास आपल्याच माणसांवर चालवायचा ठरला. मी दोन दिवस फुगून बसले, आणि मग बॅग भरली.

गटाच्या वार्षिकासाठी या प्रवासाचं वर्णन मी लिहायचं, असं सरांनी परतल्यावर सांगितलं. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ओमान पाहिलेलं नाही, म्हणून पाहिलं ते सांगतेच. पण खरं सांगायचंय ते खाबुऱ्याचं, आणि ते सांगताना माझी मान वर होणार नाही, हे आधीच कबूल करते.

मस्कत

आम्ही पाच जण होतो, सर सहावे. उतरलो ते वैशालीताईंकडे. त्या मूळच्या पुण्याच्या, एका बांधकाम कंपनीत हिशेब तपासनीस. त्यांची नऊ वर्षांची मुलगी अन्वी मला पहिल्या पाच मिनिटांत 'प्रज्ञा दीदी' म्हणायला लागली आणि सहाव्या मिनिटाला इंग्रजीत भांडायलाही लागली.

पहिला धडा मला न्हाणीघरात मिळाला. उन्हातून आले होते, गार पाण्यानं तोंड धुवावं म्हणून गार पाण्याचा नळ सोडला आणि किंकाळी फोडली. उकळतं पाणी! बाहेरून अन्वी हसत ओरडली, "दीदी, हॉटवाला नळ घे ना!" उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी नुसती तापलेली असते, म्हणून इथं लोक गीझर बंद ठेवतात आणि त्यात साठून निवलेलं पाणी गार म्हणून वापरतात. म्हणजे गरमचा नळ गार आणि गारचा गरम. मी नागपूरची, ऊन मला कोणी शिकवू नये अशी माझी समजूत होती. ती त्याच दिवशी गेली.

संध्याकाळी मत्रहला गेलो. एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला काळे उघडे डोंगर, मध्ये बाजाराच्या गल्ल्या, आणि गल्लीत शिरलं की लोबानाचा वास कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतो. कापडाच्या दुकानातले म्हातारे कच्छी शेठ आमच्याशी हिंदीत बोलले, शेजारच्या ओमानी गिऱ्हाइकाशी अरबीत, आणि फोनवर बायकोशी कच्छीत. तिन्ही भाषांत आवाज तेवढाच चढा. मला फार मजा वाटली.

त्या रात्री सरांनी सगळ्यांना बसवून बजावलं. "जे करायचं ते घरातल्या घरात, आपल्या माणसांत. बाहेर कुणाला काही शिकवायला जायचं नाही. आणि प्रज्ञा, जरा दमानं."

हे 'दमानं' मला का, ते सांगायला हवं. आमच्या शिबिरांची एक रीत आहे. शेवटच्या सत्रात स्टीलचं ताट फिरवतात. ज्याच्या हातात, गळ्यात, दंडात काही गंडादोरा असेल त्यानं तो सगळ्यांसमोर उतरवून ताटात टाकायचा, मग ते सगळं वाहत्या पाण्यात सोडायचं. ताट फिरवायचं काम माझ्याकडे असे, कारण माझ्यासमोर नाही म्हणायची कुणाची टाप नसे. कळमेश्वरच्या शिबिरात मी एका रिटायर्ड हवालदाराच्या कमरेचा करदोटा उतरवून घेतला होता. गटात मला 'कात्री' म्हणायचे आणि मला त्याचा अभिमान होता. होय, होता.

निझवा

निझवा आत डोंगरात आहे. मोठा गोल किल्ला, त्याच्या पायथ्याशी बाजार, आणि आजूबाजूला खजुरीच्या बागा. त्या दिवसांत पहिला खजूर नुकताच पिकायला लागला होता. अर्धा पिवळा कडक, अर्धा तपकिरी मऊ. एका दुकानदारानं तो आम्हाला खायला दिला आणि बसवून घेऊन कॉफी पाजली. वेलची घातलेली, बिनदुधाची, बिनसाखरेची, बिनकानाच्या इवल्या कपात. संपवला की तो परत भरी. आपल्याकडे पाहुण्यानं ताटात टाकू नये, तसं कपात ठेवू नये या हिशेबानं मी निमूट पीत गेले. आठव्या कपाला बाजूच्या गिऱ्हाइकाला माझी दया आली. त्यानं स्वतःचा रिकामा कप हातात धरून हलवून दाखवला. कप हलवला म्हणजे पुरे! मी पाहिजे त्यापेक्षा जोरात हलवला आणि सगळं दुकान हसलं.

दुसऱ्या दिवशी एका इंजिनिअर दादांच्या घरी शिबिर झालं. अकरा मुलं होती. 'मैत्री' शिकवताना एकानं विचारलं, "दीदी, ते मैत्री म्हणजे फ्रेंडशिप की काइंडनेस?" मी म्हटलं दोन्ही. शेवटी ताट फिरवलं तर त्यात पडायला काहीच नाही. इंजिनिअरांची मुलं ती, त्यांच्या मनगटाला कुठून दोरे असणार? एका पोरानं प्रामाणिकपणे विचारलं, "दीदी, माय फिटनेस बँड पण काढू?" सगळे हसले, सरसुद्धा हसले. मी पण हसले, पण मला आतून राग आला होता. एवढ्या लांब येऊन रिकामं ताट! नागपूरला ग्रुपवर फोटो काय टाकायचा? माझं मन तेव्हा एवढंच होतं, ते लपवून उपयोग नाही.

खाबुरा, शुक्रवार

खाबुरा समुद्रावर. सपाट किनारा, बागा, बाजार, बांगडे आणि सुरमई. तिथं हमीदचाचांचं कोल्ड स्टोअर आहे. आपल्याकडे ज्याला किराणा म्हणतात त्याला तिकडे कोल्ड स्टोअर म्हणतात. चाचा श्रीवर्धनकडचे, तीस वर्षांपासून तिथं. दुकानावरची मोठी खोली त्यांनी आमच्या कार्यक्रमाला दिली. मी आभार मानायला लागले तर म्हणाले, "आभार कसले गो? आपलीच माणसं. तुमचं तुम्ही करा, मी खाली दुकानात हाय. दुपारी जेवायला मात्र माझ्याकडंच." दुपारी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमईचं कालवण आलं. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

कार्यक्रमाला पंधरा-सोळा जण जमले. दवाखान्यातल्या दोन नर्सा, काही ड्रायव्हर, गवंडी, त्यांतल्या दोघांच्या बायका. वैशालीताई अन्वीला घेऊन आमच्याबरोबर मस्कतहून आल्या होत्या. आणि होत्या संगीताताई. वाशीम जिल्ह्यातल्या, चाळिशीच्या, एका ओमानी घरात आजारी म्हातारीचं करायला ठेवलेल्या. शुक्रवारी दोन तास त्यांना बाहेर सोडत. वंदना सुरू झाली तेव्हा मी पुस्तकात बघून म्हणत होते आणि त्या डोळे मिटून म्हणत होत्या. एकदा मी ओळ गाळली, त्यांनी गाळली नाही, आणि सगळे त्यांच्यामागून म्हणू लागले. हे माझ्या लक्षात आलं होतं. आवडलं नव्हतं.

शेवटी ताट आलं. ड्रायव्हरांचे लाल दोरे आले, एका गवंड्याचा ताईत आला. राहुल, आमच्या गटातला, मोबाइलवर शूटिंग करत होता. संगीताताईंनी उजवा हात ओढणीखाली घेतला, आणि मी तो पाहिला.

"संगीताताई, काय आहे हातात?"

"काई नाही जी."

"दाखवा तर."

त्यांनी हात काढला. मनगटाला काळा गोफ, त्यात चामड्याची शिवलेली छोटी पुडी. जुनी, बोटांनी चोळून चोळून गुळगुळीत झालेली.

"वंदना सगळ्यांत चांगली तुमची, आणि हातात हे?"

"हे तसलं नाही, मॅडम. हे माह्या म्हातारीसाठी..."

"सगळ्या असंच म्हणतात, ताई. कोणी आईसाठी, कोणी सासूसाठी. स्वतःसाठी कुणीच बांधत नाही!"

नर्सा हसल्या. ड्रायव्हरही हसले. मला चेव चढला. हजारो वर्षं लोकांनी आपल्याला बांधून ठेवलं आणि आता आपणच आपल्याला बांधायचं का, वगैरे माझं नेहमीचं भाषण मी सुरू केलं. जपानसाठी घोटलेली वाक्यं होती, सुरेख जमली. संगीताताईंनी मध्ये एकदा तोंड उघडलं होतं. मी हात वर करून थांबवलं.

"भीती वाटते का काढायची?"

"भीती नाही, पण..."

"मग?"

खोलीत सगळे त्यांच्याकडे बघत होते. घरकामाची बाई त्या एकट्याच होत्या. बाकीच्यांच्या नोकऱ्यांना निदान गणवेश होते. त्यांनी वैशालीताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हात पुढे केला. गाठ सुटत नव्हती. मी कात्रीनं कापली. टाळ्या झाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते राहुलच्या शूटिंगमध्ये अगदी छान आलं.

नंतर जिन्याजवळ त्या थांबल्या होत्या. "मॅडम, ते जरा मले..." एवढं म्हणाल्या, तेवढ्यात खाली त्यांना न्यायला आलेल्या गाडीचा हॉर्न वाजला. मी त्यांचे खांदे धरले आणि म्हणाले, "आता मागं वळून बघायचं नाही, ताई. जय भीम!" त्या जय भीम म्हणाल्या आणि उतरून गेल्या.

उन्हं उतरल्यावर आम्ही समुद्रावर गेलो आणि मी ताट पाण्यात रिकामं केलं. परतताना गाडीत अन्वी माझ्या शेजारी होती. ती हळूच म्हणाली, "दीदी, दॅट आंटी वॉज क्रायिंग."

"आनंदानं रडल्या त्या."

"नो," अन्वी म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी ग्रुपवर टाकलेल्या माझ्या फोटोला आलेले बदाम मोजत होते.

पुन्हा खाबुरा

रविवारी दुपारी वैशालीताईंना हमीदचाचांचा फोन आला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला, मला ऐकू यावा म्हणूनच टाकला असणार.

"त्या पोरीनं काय गो केलं हां? म्हातारी दोन दिस जेवली नाय."

मग कळलं ते असं. त्या घरातल्या म्हातारीला हबूबा म्हणतात, म्हणजे आजी. डोळे गेलेले, आठवण गेलेली. तिला भरवायची तिची धाकटी मुलगी, ज़ुवैना. ती पुडी ज़ुवैनाच्या हातातली. ज़ुवैना बाळंतपणात गेली आणि हबूबानं तोंड मिटलं. कुणाच्या हातून घास घेईना. तेव्हा घरच्या सुनेनं ती पुडी संगीताताईंच्या मनगटाला बांधली. हबूबानं चाचपली आणि तोंड उघडलं. चार वर्षं असंच चाललं होतं. दिवसातून तीनदा म्हातारीची बोटं मनगटावर यायची, पुडी सापडली की लेक आली असं समजायचं, आणि मग जेवायचं. आता बोटांना पुडी सापडत नाही. अर्बाब, म्हणजे घरमालक, एजन्सीशी बोललाय. शुक्रवारपर्यंत बघणार. नाही जमलं तर म्हातारीला नळी घालायची आणि संगीताताईंना घरी पाठवायचं. त्यांच्या धाकट्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे, हेही चाचांनीच सांगितलं.

फोन संपला. सर समोरच बसले होते. ते ओरडतील असं वाटलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "प्रज्ञा, तू तिला बोलू दिलंस का?"

मी म्हणाले, "हो."

सर, हे छापण्याआधी तुम्ही वाचालच. ते खोटं होतं. त्या तीनदा बोलायला लागल्या, जिन्यापाशी चौथ्यांदा. मी चारही वेळा त्यांचं तोंड बंद केलं. राहुलनं ते शूटिंग नंतर काढून टाकलं, माझ्यावर उपकार म्हणून. पण त्यात सगळं ऐकू येत होतं.

सोमवारी वैशालीताईंनी सुट्टी टाकली आणि गाडी काढली. जाताना मत्रहच्या बाजारात थांबून मी तशीच दिसणारी चामड्याची पुडी शोधून घेतली. पुढचे अडीच तास त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. एकदा पेट्रोल पंपावर पाण्याची बाटली माझ्या मांडीवर ठेवली, तेवढंच.

आधी समुद्रावर गेलो. चाचा म्हणाले, "टाकलंस खंय ता दाखव. कधी कधी परत आणून टाकतो दर्या." भर दुपार होती, वाळूवर चपलेतूनही चटके बसत होते. मी पाण्याच्या रेषेवरून वाकून चालत होते, शेवाळ उपसत होते. जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका बांगलादेशी कोळ्यानं विचारलं, "क्या खोया? सोना?"

"नहीं," मी म्हटलं. "ताबीज."

मला वाटलं हसेल. तो उठला आणि माझ्याबरोबर शोधायला लागला. मग आणखी दोघं आले. एका ताबिजासाठी मी तिथं रडत फिरत होते आणि अनोळखी माणसं माझ्यासाठी शेवाळ उलथत होती. आमच्या शिबिरात ताबीज म्हणजे काय ते मी किती ऐटीत समजावून सांगायचे! तासाभरानं चाचांनी माझा दंड धरला. "बस झालं पोरी. चक्कर येईल. खलास."

मग त्या घरी गेलो. चाचा पुरुषांच्या बैठकीत थांबले, वैशालीताई आणि मी आत गेलो. सुनेनं आम्हाला गालिच्यावर बसवलं. आधी पाणी, मग खजूर, मग हलवा, मग कॉफी. कोण, कशाला आलात, काही विचारलं नाही. घरात म्हातारी उपाशी, आणि माझ्यापुढे हलव्याची वाटी. मी हात लावत नव्हते, तर तिनं स्वतःच्या हातानं एक तुकडा काढून माझ्यापुढे धरला. तो मी खाल्ला. 

संगीताताई आतून आल्या. मला बघून थबकल्या आणि भिंतीशी बसल्या. मनगट मोकळं होतं. तीन दिवसांत त्यांचा चेहरा निम्मा झाला होता.

मी वाटेत सगळं पाठ केलं होतं. मी म्हणाले, "यांना सांगायचंय की चूक माझी आहे. संगीताताईंची नाही. दोरा मी कापला, त्या नको म्हणत होत्या." सुनेला हिंदी येत नव्हती, आम्हाला अरबी येत नव्हती. दोन्हीकडचं समजणारं माणूस खोलीत एकच होतं. म्हणजे माझी माफी संगीताताईंनाच सांगावी लागणार होती.

त्या सुनेकडे वळल्या आणि अरबीत बोलल्या. फार थोडं बोलल्या. मी एवढं लांबलचक बोलले होते, त्याचं एक वाक्य झालं. सून मान हलवत म्हणाली, "मालेश, मालेश." जाऊ दे, असा अर्थ. पण ती माझ्याकडे बघून म्हणाली नाही, संगीताताईंकडे बघून म्हणाली.

"काय सांगितलंत, ताई?"

"तेच जे शुक्रवारी सांगतलं. माह्याच हातानं तुटला म्हणून."

"पण मी तर..."

"तुमचं नाव घेतलं तर इचारतील, काहून कापला? काय सांगू? तिथं काय कार्यक्रम होता ते सांगू? मंग मले कोण सोडल शुक्रवारी? अन् चाच्याची खोली?" आवाज चढला नाही त्यांचा. "तुमी दोन दिवसांनी जासान. आमाले इथं राहाचं हाय."

 मी सून समोर बसलेली असताना, खोटं आहे हे माहीत असताना, गप्प बसले आणि एक खजूर उचलला.

मग त्या आम्हाला हबूबाच्या खोलीत घेऊन गेल्या. मी पर्समधून ती नवी पुडी काढली. संगीताताईंनी ती हातात घेतली, वास घेतला, आणि मनगटाला बांधली. वाटीत दुधात कुस्करलेला भात होता. त्या पलंगाच्या कडेला बसल्या, काहीतरी हळू आवाजात बोलल्या. हबूबाचा हात उठला. बारीक, मेंदीनं लाल झालेली बोटं. ती मनगटावर आली, पुडीवर फिरली, थांबली. पुन्हा फिरली. मग तिनं हात काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. चिडली नाही, ओरडली नाही. लेक आली नाही एवढंच तिला कळलं.

"हबूबा," संगीताताई म्हणत राहिल्या. "हबूबा, जरा. एकच. माय, एकच घास." अरबीतून त्या कधी वऱ्हाडीत आल्या ते त्यांनाही कळलं नसावं. वाटी तशीच राहिली. वैशालीताई रडायला लागल्या आणि बाहेर गेल्या. मी उभी राहिले, कारण बाहेर जायचाही मला हक्क वाटला नाही.

निघताना दारात मी संगीताताईंच्या पाया पडायला वाकले. आमच्या गटात कुणाच्या पाया पडत नाहीत, तीही आमची एक शिस्त. त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाल्या, "हे नका करू. उशीर होते, तिचं अंग पुसाचं हाय." आणि दार लोटलं.

मस्कत, शेवटचा दिवस

मधल्या दिवसांत बाकीचे किल्ला बघून आले, समुद्रात बोटीतून डॉल्फिन बघून आले. मी गेले नाही. सगळ्यांना वाटलं मला उन्हाचा त्रास झालाय, मी तसंच वाटू दिलं. ग्रुपवरून मी माझा फोटो काढला. कुणीतरी विचारलं, का काढला?  अन्वी माझ्याशी पत्ते खेळायची. ती शुक्रवारबद्दल काही बोलली नाही आणि माझ्यात विचारायची हिंमत नव्हती.

मला हे लिहायलाच हवं, की त्या दिवसांत मी हबूबापेक्षा माझाच विचार जास्त केला. नागपूरला कळलं तर काय म्हणतील, सर पुढच्या वर्षी नेतील का, संगीताताई मला माफ करतील का. म्हातारीनं काही खाल्लं का, हे मी दिवसातून एकदा विचारायचे. वैशालीताई "नाही" म्हणायच्या, आणि मी लगेच खोलीत जायचे.

गुरुवारी निघायचं होतं. बॅगा दाराशी होत्या, टॅक्सीला अजून तासभर होता. वैशालीताई स्वयंपाकघरात आमच्यासाठी पोळ्या बांधत होत्या, हात पिठाचे. त्यांचा फोन वाजला. "घे गं जरा," त्या आतून म्हणाल्या. पडद्यावर संगीताताईंचं नाव होतं. मी उचलला.

"ताई! खाल्लं! खाल्लं जी म्हातारीनं! आज सकाळून पुरी वाटी खाल्ली, अन् आणखी मागतलं! मी तं रडूनच राह्यली, सून बी रडून राह्यली, अर्बाबनं एजन्सीले नाई म्हणून फोन केला. ऐका नं, मी काय केलं म्हाइते का..."

असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. लहान पोरीसारखा, धावत आलेला. मला इतका आनंद झाला की मी भान विसरले.

"ताई, काय केलंत? सांगा ना! मी प्रज्ञा बोलतेय."

पलीकडे मागे कुठंतरी भांडं पडल्याचा आवाज आला, कुणीतरी अरबीत हाक मारली.

"वैशालीताईले द्या न फोन," संगीताताई म्हणाल्या.

मी फोन स्वयंपाकघरात नेऊन दिला. वैशालीताईंनी तो खांद्यानं कानाशी धरला आणि कोपरानं दार लोटून घेतलं. दाराआडून त्यांचं "अगं बाई!" ऐकू आलं, मग हसणं, मग दोघींचं बराच वेळ बोलणं. मी बॅगेजवळ उभी होते. टॅक्सीत बसताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "राहिली संगीता तिथंच."

म्हातारी कशी जेवली ते मला अजून माहीत नाही. वैशालीताईंना फोन लावला तर कळेल. मी लावलेला नाही. संगीताताईंना ते मला सांगायचं नव्हतं.